माळावरच्या स्टेशनाला नाव दिलं कुणी? केलिहर आणि कुर्डुवाडी

सीनाकाठ (सोलापूर)

14 जानेवारीच्या भूगोल दिनासाठी वाचनालयात ‘रेल्वेनं वसवलेली गावं’ या विषयावर तक्ते लावायचे आहेत. एका तक्त्यावर कॅनडाच्या गवताळ प्रदेशातलं, सास्काचेवान प्रांतातलं केलिहर हे छोटं खेडं आणि शेजारच्या तक्त्यावर आपली कुर्डुवाडी. दोन्ही ठिकाणी नाव कुठून आलं इथंच गाडी अडलीय.

केलिहरबद्दल दोन माहित्या मिळतात. एक म्हणते, रेल्वेनं ओळीनं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे नावं दिली, त्यात ‘के’ आला म्हणून केलिहर. दुसरी म्हणते, ते एका इंजिनिअरचं आडनाव आहे. यातलं खरं कुठलं?

कुर्डुवाडीचंही तसंच. जुन्या कागदांत ‘बार्शी रोड’ लिहिलेलं दिसतं. कुणी म्हणतं गावाचं नाव कुरडूच्या भाजीवरून पडलं, कुणी म्हणतं कुर्डू गावावरून. तक्त्यावर चुकीचं जायला नको. पुरावा कुठं, कसा बघायचा तेही सांगा.

---

तारयंत्र

केलिहरच्या दोन्ही माहित्या खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही. आधी अक्षर ठरलं, मग त्या अक्षरात बसणारं नाव शोधलं गेलं.

ही लाइन ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेची. कंपनीला सनद मिळाली 1903 मध्ये, आणि विनिपेगहून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टपर्यंत रूळ जोडले गेले 1914 मध्ये. गवताळ पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडं जाताना स्टेशनांना ए, बी, सी अशा क्रमानं नावं देत गेले. झेड आला की पुन्हा ए. केलिहरच्या आजूबाजूला बघा: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर, लेरॉस. म्हणजे एफ, जी, एच, आय, जे, के, एल. पुढं वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा (डब्ल्यू, एक्स, वाय, झेड) इथं वर्णमाला संपते आणि लगेच ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट अशी नवी फेरी सुरू होते. ती सास्काटूनपाशी पोचते.

‘के’ची पाळी आली तेव्हा कंपनीचे मुख्य अभियंता होते बी. बी. केलिहर. नाव घरातच होतं. वॉट्रसचंही तसंच: फ्रँक वॉट्रस मोर्स हे कंपनीचे उपाध्यक्ष आणि जनरल मॅनेजर. मधलं नाव ‘डब्ल्यू’च्या जागी बसलं. म्हणून तक्त्यावर ‘वर्णमालेमुळं’ किंवा ‘अभियंत्यामुळं’ असा एकच पर्याय निवडू नका. अर्धंच खरं राहील.

मुळात कंपनीला नावं पाडायची गरज का पडली, हे मुलांना कळलं पाहिजे. कॅनडा सरकारनं ती जमीन रूळ यायच्या आधीच मोजून ठेवली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा. 1872 च्या कायद्यानं वस्ती करणाऱ्याला 10 डॉलर भरून पाव सेक्शन म्हणजे 160 एकर मिळायचे. या सगळ्याला आकडे होते: अमुक टाउनशिप, तमुक रेंज (उभा पट्टा), दुसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीच्या उभ्या रेषेच्या) पश्चिमेला. सरकारी कागदावर जागा आकड्यानं सापडत होती. पण तिकिटावर, तारेत, धान्याच्या पावतीवर आकडा चालत नाही, तिथं नाव लागतं.

स्टेशनं साधारण सात ते दहा मैलांवर पडली. घोडागाडीत गहू भरून शेतकऱ्याला स्टेशनजवळच्या उंच कोठारापर्यंत जाऊन दिवसात घरी परतता यावं, हा हिशोब. कोठार उभं राहिलं की दुकान, टपाल, शाळा त्याच्या भोवती. म्हणजे नाव आधी आणि गाव मागून. एवढ्या थोड्या अंतरावर एवढी स्टेशनं असली की नावांची मोठी चणचण भासते, आणि वर्णमालेची पद्धत त्यावरचा उपाय. त्यात दुहेरी फायदा होता. एकेरी मार्गावर गाडीला हुकूम तारेनं जायचा. नाव आखूड आणि शेजारच्या नावापेक्षा वेगळं वाजणारं असलं तर घोटाळा टळतो. अक्षर बदलत गेलं की शेजारची नावं आपोआप वेगळी होतात.

क्रम मोडलेला दिसला की घाबरू नका, तिथंच खरी माहिती असते. मेलव्हिल हे एम अक्षराचं शहर मधेच येतं, कारण ते मोठं ठाणं. इंजिन आणि गाडीवरची माणसं बदलायची जागा साधारण सव्वाशे मैलांवर लागायची. मेलव्हिल, वॉट्रस, बिगर ही ती ठाणी. त्यांना मोठ्या साहेबांची नावं दिली. मेलव्हिल हे कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांच्यावरून. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यात ते गेले. बिगर हे कंपनीचे कायदे सल्लागार विल्यम हॉजिन्स बिगर यांच्यावरून.

---

गोदाकिनारा

तारयंत्र यांच्या माहितीत एक भर घालणं अगत्याचं आहे, नाहीतर तक्ता वाचून मुलांना वाटेल की ती जमीन ओसाडच होती. आकड्यांची मोजणी व्हायच्या आधीपासून तिथं क्री, सोतो, डकोटा लोक होते, आणि त्यांची नावं रुळावर अजून आहेत. याच वर्णमालेच्या ओळीत लेस्टॉक आणि क्विंटनच्या मधे पनिची आहे. ‘पी’ची जागा कंपनीनं तिथल्या मूळ भाषेतल्या शब्दानं भरली. धड पिसं न फुटलेलं पिल्लू असा त्याचा अर्थ सांगतात. दक्षिणेकडच्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मुख्य मार्गावर सिंटालुटा आहे, डकोटा भाषेत तांबडं शेपूट. प्रांताची राजधानी रिजायना हिचं आधीचं नाव रानगव्यांच्या हाडांच्या ढिगाऱ्यावरून होतं. 1882 मध्ये रूळ आले आणि राणी व्हिक्टोरियाच्या मानार्थ ते बदललं.

आणखी एक. टेट आणि व्हेन यांच्यामधे नोकोमिस येतं. वर्णमालेत एन तिथं बसतच नाही. तिथं टपालाचं नाव रेल्वेच्या आधी पडलं होतं, ते कंपनीनं ठेवलं. ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ ‘माझी आजी’. यातून एक काम निघतं: कॅनडातल्या कुठल्याही छोट्या वस्तीचं नाव तपासताना स्टेशनच्या आधी टपाल कार्यालय कधी उघडलं ते बघायचं. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची टपाल कार्यालयं आणि पोस्टमास्तर यांची यादी संगणकावर घरबसल्या बघता येते. तीत उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि मधे नाव बदललं असेल तर तेही असतं. टपालाची तारीख रुळाच्या आधीची असेल तर नाव बहुधा वस्तीवाल्यांचं, नंतरची असेल तर रेल्वेचं.

---

नॅरोगेज 762

आता आपल्याकडं येऊ. ‘रोड’ या शब्दानं भल्याभल्यांना चकवलंय. रेल्वेच्या भाषेत स्टेशनच्या नावामागं रोड लागला म्हणजे ते गाव तिथं नाही, तिथून त्या गावाला रस्ता जातो. अक्कलकोट रोडवर उतरलं की अक्कलकोट लागत नाही. गाणगापूर रोडवरून दत्ताचं गाणगापूर वीसेक किलोमीटर आत आहे. बार्शी रोड त्यातलंच.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुण्याहून डिकसळला आली 1858 मध्ये, बार्शी रोडला 1859 मध्ये, आणि मोहोळवरून सोलापूरला 1860 मध्ये. कापसाची आणि धान्याची मोठी पेठ बार्शी, ती रुळापासून वीस-बावीस मैल बाजूला राहिली. कंपनीला माल बार्शीचा हवा होता, म्हणून पाटीवर बार्शीचं नाव. स्टेशन ज्या माळावर उभं होतं तिथल्या वाडीला गिऱ्हाईक नव्हतं. केलिहरला नाव दिलं ते साहेबाचं, इथं दिलं ते बाजारपेठेचं. दोन्हीकडं नाव ठरलं कचेरीत, मुक्कामाच्या ठिकाणी नाही.

मग 1897 मध्ये एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे आली. 762 मिलिमीटरचा अरुंद रूळ, आसाला फक्त पाच टन भार. त्या गाडीनं बार्शी रोडवरून थेट बार्शीत जाता यायला लागलं. 1906 मध्ये फाटा पंढरपूरला गेला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. मोठ्या रुळावरून छोट्या रुळावर माल उतरवायचा-चढवायचा म्हणजे हमाल आले, कारखाना आला, चाळी आल्या, खाणावळी आल्या. वस्ती खरी फुगली ती या अदलाबदलीमुळं. 1 जानेवारी 1954 ला ही रेल्वे सरकारनं घेतली.

तक्त्यावर एक गोष्ट जरूर दाखवा. बार्शीतल्या स्टेशनची पाटी अजूनही ‘बार्शी टाउन’ आहे. टाउन कशाला? कारण रोड नावाचं दुसरं स्टेशन होतं, आणि तिकीट देताना दोन्हींत फरक करायला हवा होता. रोड गेला, टाउन राहिला. जुन्या नावाचा एवढा चांगला साक्षीदार दुसरा नाही. मुलांना त्या पाटीचा फोटोच लावा.

वाडी जंक्शनही याच जातीचं. हैदराबादकडं जाणारी निजामाची रेल्वे 1874 मध्ये तिथं जोडली गेली, आणि ‘वाडी’ हे सामान्यनामच विशेषनाम होऊन बसलं. उलट होटगीला गावाचं नाव जसंच्या तसं पाटीवर गेलं. तेव्हा ‘रेल्वे नेहमी असंच करायची’ असा सरसकट नियम लिहू नका.

---

मोडीवाचक

कुरडूच्या भाजीबद्दल. भाजीचं नाव आणि गावाचं नाव सारखं वाजतं हे खरं. पावसाळ्यात आपल्या शिवारात कुरडू उगवतोच. झाडाझुडपांवरून गावांची नावं पडतातही, बोरगाव, पिंपळगाव, बाभुळगाव ढिगानं आहेत. पण कुर्डुवाडीच्या बाबतीत हा प्रश्न एक पायरी वर विचारायचा असतो. कुर्डू नावाचं जुनं गाव शेजारीच आहे. त्याची वाडी ती कुर्डुवाडी. म्हणजे वाडीला नाव गावावरून मिळालं, भाजीवरून नाही. भाजीचा संबंध जोडायचाच तर तो मूळ कुर्डू गावाशी जोडावा लागेल, आणि त्यासाठी रेल्वेचा एकही कागद कामाचा नाही. तक्ता रेल्वेवरचा आहे, तर भाजी त्यातून वगळा.

नुसत्या आवाजावरून अर्थ लावला की काय होतं, याचं उदाहरण सोलापूरचंच घ्या. सोळा गावं मिळून सोलापूर, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, सोळा नावांची यादीसुद्धा दिली जाते. पण सिद्धरामेश्वरांच्या काळातलं नाव सोन्नलगी आहे आणि मोहोळ तालुक्यातल्या कामती इथल्या शके 1238 च्या संस्कृत लेखात सोनलीपूर आहे. शके 1238 म्हणजे इसवी सन 1316. लेख हाती आला की सोळाचा हिशोब मागं पडतो.

आता कागद कुठं बघायचे. पहिला थांबा भूमी अभिलेख कार्यालय, माढा. गावनकाशा, आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि सारा यांची नोंद) आणि कमी-जास्त पत्रक या तिन्हींच्या नकला मागा. कमी-जास्त पत्रक महत्त्वाचं, कारण रेल्वेसाठी किंवा रस्त्यासाठी क्षेत्र काढून घेतलं की त्याची नोंद तिथं उतरते. सर्व्हे नंबर कुठला, किती क्षेत्र गेलं, कुठल्या गावाच्या शिवारातून गेलं. इथं नेहमीची चूक अशी की लोक आजच्या वस्तीच्या नावानं अर्ज करतात आणि त्यांच्या हाती सिटी सर्व्हे झाल्यानंतरची मालमत्ता पत्रकं पडतात. ती फार नवी. अर्जात मूळ गावाचं नाव लिहा, ‘रेल्वे हद्दीलगतचे सर्व्हे नंबर’ असं स्पष्ट म्हणा, आणि तोंडी सांगताना नकाशावर बोट ठेवून दाखवा.

दुसरा थांबा पुण्याचं पुराभिलेखागार. इंग्रजी अमलाआधीचे महसुली कागद मोडीत आहेत. वाडी तिथं सहसा स्वतंत्र गाव म्हणून येत नाही, ‘मजरे’ म्हणजे पोटवस्ती म्हणून मूळ मौजेच्या (गावाच्या) पोटात येते. थेट वाडीचं नाव शोधलं तर रिकाम्या हातानं परत याल. आधी मौजे कुर्डू, मग त्याखालचे मजरे. मोडीत र्‍हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, आणि शब्द तोडलेले नसतात, तेव्हा कुर्डु, कुरडु, कुर्डू हे एकच धरून वाचा.

तिसरं, नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा कुर्डुवाडीचा ताव 47 एन/8, सोलापूर शहराचा 47 ओ/14. जुन्या एक इंच-एक मैल आवृत्तीवर स्टेशनचं नाव आणि गावाचं नाव वेगवेगळ्या ठिकाणी छापलेलं असतं. तावाच्या खाली सर्वेक्षणाचं साल असतं, ते धरायचं. छपाईचं साल धरलं तर वीसेक वर्षांची गफलत सहज होते.

1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर बघताना कुर्डुवाडीऐवजी बार्शी रोड शोधा, आणि गावांच्या यादीवर न थांबता व्यापाराच्या प्रकरणातला रेल्वेचा भागही वाचा.

---

सीनाकाठ (सोलापूर)

फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. भाजी काढून टाकतो. दोन शंका राहिल्या. जुन्या इंग्रजी कागदांत नाव शोधताना स्पेलिंग जुळत नाही, काय करावं? आणि तक्त्यावर वर्णमालेचा क्रम मराठीत लिहिला तर तो दिसेचना! हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर यात क्रम आहे हे मुलांना कळायचं कसं?

---

नॅरोगेज 762

स्पेलिंगचं आधी. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत सोलापूरच्या सुरुवातीला बहुधा एस-एच असतं आणि शेवट दोन ओ लावून केलेला सापडतो. बार्शीच्या शेवटी आयऐवजी दोन ई येतात. वाडीचा ‘वा’ कधी व्ही, कधी डब्ल्यू. संगणकावर शोधताना प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं, एकानं दुसरं सापडत नाही. गंमत बघा, कुर्डुवाडीच्या स्टेशन कोडमध्ये डब्ल्यू आणि व्ही दोन्ही आहेत: केडब्ल्यूव्ही.

कोड हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. पाटी बदलते, कोड पुष्कळदा तसाच राहतो. वसई रोडचा बीएसआर, बेसिन रोडवरून. पण यावर आंधळा भरवसा ठेवू नका: गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं तेव्हा जीआर जाऊन केएलबीजी आला. कोड जुना असला तर पुरावा, नवा असला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आज नाव बदलायचं झालं तर रेल्वे आपल्या मनानं बदलत नाही. राज्य सरकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडं प्रस्ताव धाडतं, तिथं रेल्वे, टपाल खातं आणि सर्वेक्षण विभागाचं मत घेतात, ना हरकत आली की राज्याच्या राजपत्रात अधिसूचना निघते. मग पाटी रंगते. स्वातंत्र्यानंतरच्या नावबदलाची तारीख हवी असेल तर राजपत्र चाळा, वर्तमानपत्रातली बातमी घोषणेच्या दिवसाची असते.

---

तारयंत्र

मराठीतल्या क्रमाचं. हा प्रश्न नुसत्या भाषांतरानं सुटणार नाही. झीना आणि झेल्मा दोन्ही ‘झ’नं सुरू होतात, पण इंग्रजीत पहिला एक्स आणि दुसरा झेड. त्यांच्यामधे यंग, म्हणजे वाय. मराठीत वाचलं तर झ, य, झ. क्लॅव्हेट आणि केलिहर दोन्ही ‘क’, तिकडं एक सी आणि दुसरा के. तेव्हा प्रत्येक स्टेशनच्या टिकलीवर मोठ्या अक्षरात इंग्रजी अक्षराचं नाव देवनागरीत लिहा (एच, आय, जे, के) आणि खाली बारीक अक्षरात गावाचं नाव. पूर्व दिशा उजवीकडं ठेवा, म्हणजे क्रम उजवीकडून डावीकडं वाचावा लागेल. नकाशा तसाच असतो. सोयीसाठी तो उलटवू नका, बाणानं दाखवा.

मधली काही अक्षरं गळलेली दिसतील. साइडिंग (बाजूचा रूळ) बंद झालं, कोठार पाडलं, की नाव नकाशावरून उतरतं. त्या जागी टिकली रिकामी सोडा. कॅनडाच्या सरकारी भौगोलिक नावांच्या यादीत अशा पुष्कळ जागा ‘रेल्वे पॉइंट’ या वर्गात अजून नोंदलेल्या असतात, तिथं एकदा तपासा. सास्काचेवानमधल्या गावांनी 1955 आणि 1980 या प्रांताच्या वर्धापन वर्षांच्या सुमारास स्वतःचे इतिहासग्रंथ काढले. कुटुंबांच्या माहितीसाठी ते उत्तम, पण नावाच्या उगमासाठी वाचताना ‘म्हणतात’ कुठं लिहिलंय आणि कागद कुठं दिलाय, हे वेगळं काढा.

---

मोडीवाचक

कुर्डुवाडीच्या तक्त्यावर मजकूर असा टाका: ‘मूळ गाव कुर्डू, तालुका माढा. त्याची वाडी ती कुर्डुवाडी. 1859 मध्ये रेल्वे आली तेव्हा स्टेशनचं नाव बार्शी रोड, कारण बार्शीच्या पेठेला इथून रस्ता जात होता.’ आणि खाली बार्शी टाउनच्या पाटीचा फोटो. नाव पाटीवर बदललं त्या सालाची जागा राजपत्राचा किंवा रेल्वेच्या वेळापत्रकाचा कागद हातात येईपर्यंत कोरी ठेवा. लागोपाठच्या दोन वर्षांची वेळापत्रकं मिळाली, एकात बार्शी रोड आणि पुढच्यात कुर्डुवाडी, तर साल पक्कं झालं.